पायांकडे कोण पाहणार?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दर वर्षी मी येथे उभी राहून गुडघ्यांचे व्यायाम सांगते आणि आपण खुर्चीत बसल्या बसल्या ते माझ्याबरोबर करता. यंदा कार्यवाहबाई म्हणाल्या, “काही नवीन सांगा.” गेले वर्षभर एक विचार माझ्या मनात घोळत आहे, तोच आज आपल्यापुढे ठेवते. वीस वर्षे मी फिजिओथेरपीचे काम करीत आले. आता ते सोडून केवळ पावलांच्या काळजीचे काम हाती घ्यावे काय, असा तो विचार आहे.

घरी हे बोलले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “एवढी शिकलीस ती लोकांची कुरुपे पाहायला?” लेकीने विचारले, “आई, यात मिळणार किती?” दोन्ही प्रश्न खरे आहेत. उत्तर देण्यापूर्वी हा विचार आला कोठून, ते सांगते.

आपल्याच वस्तीतील एक काकू गुडघ्यासाठी माझ्याकडे येत. मधुमेह बारा वर्षांचा. आठवड्यातून दोनदा त्या कॉटवर निजत, मी त्यांचा गुडघा वाकवी, किती वाकला ते लिहून ठेवी. पायांत मोजे असत. ते काढायला मी एकदाही सांगितले नाही. पावसाळ्यात नव्या चपलेचा पट्टा करंगळीला लागला. दुखले नाही, म्हणून त्यांना कळले नाही. सुनेला वास आला तोवर जखम हाडापर्यंत गेली होती. बोट काढावे लागले. काकू मला दोष देत नाहीत. “दुखलंच नाही गं मला,” एवढेच म्हणतात. पण ज्या पायाची करंगळी गेली तो पाय आठवड्यातून दोनदा माझ्या हातांत होता, हे मी कसे विसरू?

न दुखणे हेच या रोगाचे मोठे दुखणे आहे. मधुमेह जुना झाला की पुष्कळांच्या पायांतील संवेदना हळूहळू मंदावते. रक्तपुरवठाही कमी होतो, त्यामुळे जखम लवकर भरत नाही. ही गोष्ट प्रथम नीट उमगली ती कुष्ठरोग्यांच्या सेवेतून. डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली वेल्लोरला आले. रोग्यांची बोटे आपोआप झडतात, असा तेव्हा समज होता. वेदना कळत नाही म्हणून साध्या इजा आणि रोजचा दाब यांनीच पाय बिघडतो, हे त्यांनी दाखवून दिले आणि मऊ तळव्याच्या चपला करविल्या. १९६६ साली ते अमेरिकेत गेले. तेथे हेच ज्ञान मधुमेहींच्या पायांसाठी उपयोगी पडले. आपल्या देशात मधुमेही किती? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीचा अंदाज दहा कोटींहून अधिक आहे. आणि आपल्या खडकवासल्यात त्यांचे पाय पाहणारे कोणी आहे काय?

विलायतेत पावलांची चिकित्सा हा स्वतंत्र अभ्यासक्रमाचा व्यवसाय आहे. आपल्याकडे तो अजून रुळलेला नाही. पण २०२१ च्या केंद्रीय कायद्यात फिजिओथेरपीबरोबर त्याचेही नाव आले आहे. माझा स्वतःचा व्यवसायही एके काळी असाच नवा होता. १९५२ साली मुंबईत पोलिओची साथ आली आणि पुढच्याच वर्षी के. ई. एम. रुग्णालयात फिजिओथेरपीची शाळा निघाली. आधी गरज आली, मागून शिक्षण आले.

मला काय येते आणि काय येत नाही, याचा हिशेब मी मांडला. चाल कशी आहे, तळव्यावर भार कोठे पडतो, टाच का दुखते, पोटऱ्या किती आखडल्या आहेत, हे मला कळते. जखमेची शुश्रूषा, जाड झालेली कातडी काढणे, पायातील रक्तप्रवाह तपासणे, हे मला शिकावे लागेल. म्हणून ठरविले आहे की, वर्षभर आठवड्याचे दोन दिवस शहरातील मधुमेही पायांच्या दवाखान्यात शस्त्रवैद्यांच्या हाताखाली काम करायचे. तोवर सकाळचे गुडघे-खांदे चालू राहतील. घर त्यावर चालते. मिळकत कमी होईल, हे लेकीला स्पष्ट सांगितले आहे. वर्षाअखेर हात तयार झाला नाही, तर पुढे जाणार नाही.

आता आपल्या कामाचे चार शब्द. मधुमेह असेल तर रोज रात्री तळवे पाहा. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा. बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, चिखल्या तेथेच होतात. कुरुपाला घरी ब्लेड लावू नका. गार पडलेल्या पायांना गरम पाण्याची पिशवी नको. भाजलेले कळत नाही. चप्पल घालण्यापूर्वी आत हात फिरवून पाहा, आणि नवी घेणे ती संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना. जोडवी रुतत असतील तर काढून ठेवा. त्यात अशुभ काही नाही. उन्हात तापलेल्या देवळाच्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालू नका. जखम दिसली, मग ती दुखो वा न दुखो, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

तळव्याला नायलॉनचा एक ठरावीक जाडीचा धागा टेकवून संवेदना तपासतात. दहा ग्रॅमचा दाब पडला की तो वाकतो. डोळे मिटलेल्या माणसाला तो स्पर्श कळला नाही, तर सावध व्हायचे. ही तपासणी मला येते. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मंडळाच्या खोलीत तासभर ती मी विनामूल्य करीन. येताना मोजे घालून आलात तरी चालेल. या वेळी काढायला सांगेन.

राहिला सासूबाईंचा प्रश्न. वारीच्या दिवसांत पुण्यात कितीतरी जण वारकऱ्यांचे पाय चेपतात, मलम लावतात, आणि त्यांना कोणी हलके लेखीत नाही. मग तेच काम शिकून, नीट, वर्षभर केले तर कमीपणा कसला? सासूबाईंचे मत अजून बदललेले नाही. दर रविवारी तळवे मात्र त्या मला पाहू देतात.