एक शिक्षण, दोन नोंदी

(रामटेक येथील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



दहावीचा निकाल लागला की आपल्या तालुक्यात घरोघरी एकच प्रश्न असतो : सायन्स घ्यायचे की आयटीआय? सोळा वर्षांच्या पोरापुढे आपण दोन दारे ठेवतो आणि सांगतो की एकातून आत गेलास की दुसरे बंद. ही सक्ती आपणच उभी केलेली आहे, आणि ती मोडता येते, हे मला आज मांडायचे आहे. शाळेत असताना शिकलेल्या हातकामाची नोंद शाळेच्या गुणपत्रिकेत व्हावी, आणि त्याच कामाची नोंद पुढे आयटीआय, तंत्रनिकेतन किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयातही व्हावी.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याने १९८५ साली कायदा करून शाळेतल्या मुलांना महाविद्यालयाचे विषय घेण्याची वाट खुली केली. त्या एका अभ्यासाचे श्रेयांक शाळेतही धरले जातात आणि महाविद्यालयातही. तिकडे याला ड्युअल क्रेडिट म्हणतात. पण ही कल्पना आपल्याला परकी नाही. तिचे अर्धे अर्धे भाग महाराष्ट्रात कित्येक वर्षांपासून चालू आहेत.

पहिला भाग म्हणजे अकरावी-बारावीचे द्विलक्षी अभ्यासक्रम, आपल्या बोलण्यातले बायफोकल. एक भाषा आणि एक ऐच्छिक विषय सोडायचा आणि त्याऐवजी २०० गुणांचा व्यवसाय विषय घ्यायचा : इलेक्ट्रॉनिक्स, संगणकशास्त्र, विद्युत देखभाल, पीकशास्त्र, पशुविज्ञान. निम्मे गुण लेखी, निम्मे प्रात्यक्षिक. यातले इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणकशास्त्र मुलांनी मोठ्या संख्येने घेतले. भौतिक, रसायन, गणित सोबत होतेच. अभियांत्रिकीचे दार उघडे राहिले आणि मिळालेले गुण बारावीच्या बेरजेत धरले गेले. मात्र हिशेब तिथेच संपला. बारावीत पंपाचा स्टार-डेल्टा स्टार्टर स्वतःच्या हाताने जोडलेली मुलगी अभियांत्रिकी महाविद्यालयात गेली की पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात करते.

दुसरा भाग याच्या नेमका उलटा. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर किमान कौशल्यांवर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम, म्हणजे एमसीव्हीसी, राज्यभर पसरला. त्यातल्या तांत्रिक गटाच्या मुलांना पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू लागला, आणि दोन वर्षांच्या आयटीआयवाल्यांनाही. इथे पुढच्या संस्थेने मागचे शिक्षण मानले, एक अख्खे वर्ष वाचले. पण विज्ञान शाखेचे दार या मुलांना बंद झाले आणि समाजाने त्यांच्यावर शिक्का मारला की हे अभ्यासात मागे पडलेले.

अलीकडे तिसरी गोष्ट घडली. राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या परीक्षेचे अर्ज सुटतात तेव्हा आता त्यात आयटीआयद्वारे ट्रान्सफर ऑफ क्रेडिट घेणाऱ्या विद्यार्थ्यांचा स्वतंत्र उल्लेख असतो. आयटीआयचे श्रेय मंडळाच्या गुणपत्रिकेत येते. म्हणजे पूल दोन्ही काठांवरून बांधायला घेतलेला आहे. मधला गाळा तेवढा राहिला आहे.

तो घालायला मोजमापही आता हाताशी आहे. २०२३ साली राष्ट्रीय श्रेयांक आराखडा आला. त्यात वर्षाचे १२०० तास म्हणजे ४० श्रेयांक, एका श्रेयांकाला ३० तास. नववीपासून बारावीपर्यंत आठवड्याला चार तास, वर्षाचे तीस आठवडे काम केले, तर ४८० तास होतात. हे १६ श्रेयांक झाले. पदविकेच्या कार्यशाळेतले आणि प्रयोगशाळेतले किती तास या बदल्यात माफ करायचे, हे आधीच लेखी ठरवता येईल.

आता एक आक्षेप, आणि तो मी मनापासून गंभीर मानतो. ज्या समाजांना पिढ्यान्‌पिढ्या हातकामातच अडकवून ठेवले, त्यांच्या मुलांना आपण पुन्हा शाळेतच कामाला जुंपतो आहोत का? आपल्या शेजारी वर्ध्याला ऑक्टोबर १९३७ मध्ये शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींची नई तालीम तिथून देशापुढे आली. हातकामातून शिक्षण हा तिचा गाभा होता. तरीही शहरांतल्या सुस्थितीतल्या शाळांनी ती कधी आपली मानली नाही. गरिबांसाठी वेगळे शिक्षण, असे तिचे होऊन बसले. म्हणून माझी अट स्पष्ट आहे : व्यवसाय विषय सगळ्यांना, पहिल्या नंबरच्या मुलालाही, आणि त्यामुळे कुणाचेही गणित-विज्ञान सुटता कामा नये. मुलींना शिवणकाम आणि ब्यूटी पार्लर, मुलांना वायरिंग, अशी वाटणीही नको.

हे जमते, याचा दाखला पुणे जिल्ह्यातल्या पाबळचा आहे. हिंदुस्थान लिव्हरमधले संशोधक डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. मूलभूत तंत्रज्ञानाचा त्यांचा अभ्यासक्रम मंडळाने माध्यमिक शाळांसाठी मान्य केला. आठवड्यातला एक दिवस मुले वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती, पशुपालन, अन्न आणि आरोग्याची कामे करतात. गावातले कारागीर शिकवतात आणि गावाची खरी कामे मुलांच्या हातून होतात. बाकीचे दिवस नेहमीची शाळा.

रामटेकला काय कमी आहे? १९८५ पासून इथे कविकुलगुरू तंत्रविज्ञान संस्था आहे. मनसर आणि कांद्रीला मॉयलच्या मँगनीज खाणी आहेत. मोटारी, पंप, यंत्रदुरुस्ती यांची गरज तिथे रोजची. धानाच्या बांध्या आहेत. गडमंदिर आणि खिंडसी तलाव आहे, पेंच व्याघ्र प्रकल्पाची सिल्लारी आणि चोरबाहुली ही प्रवेशद्वारे आपल्याच तालुक्यात आहेत. निसर्ग-मार्गदर्शनापासून हिशेब-व्यवस्थापनापर्यंतचे काम तिथे शिकता येते. प्रत्येक शाळेत कार्यशाळा उभारायला पैसा नाही, हे मान्य. पण उभ्या असलेल्या कार्यशाळेत शनिवारी चार शाळांची मुले जाऊ शकतात. प्रवासाची सोय तेवढी हवी, कारण देवलापारकडच्या मुलीला बस मिळाली नाही तर तिच्यासाठी ही योजना कागदावरच राहील.

शिकवणाऱ्याचेही बोलले पाहिजे. शाळांमधले व्यवसाय प्रशिक्षक बहुतेक संस्थांमार्फत कंत्राटावर नेमले जातात. ज्याची पुढच्या वर्षीची नोकरी पक्की नाही, त्याच्या हातून चार वर्षांचा अभ्यासक्रम पक्का होणार नाही. विस्ताराचा पहिला पैसा त्याच्या पगारावर खर्च व्हावा.

१९८६ च्या धोरणाने १९९५ पर्यंत उच्च माध्यमिकचे २५ टक्के विद्यार्थी व्यवसाय शिक्षणाकडे वळतील, असे लक्ष्य ठेवले होते. ते गाठले गेले नाही. २०२० च्या धोरणाने २०२५ पर्यंत किमान ५० टक्के विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख करून देण्याचे म्हटले. टक्केवारीच्या मागे लागून हे होणार नाही. मुलाने काम शिकले आणि पुढे ते कुणीच धरले नाही, तर पालक दुसऱ्या मुलाला त्या वाटेला पाठवत नाहीत. ते चूक वागत नाहीत.

म्हणून आज इथे बसलेल्या मुख्याध्यापकांना, संस्थाचालकांना आणि प्राचार्यांना माझी विनंती आहे. येत्या जूनच्या आधी एकत्र बसा. दोन विषय निवडा. कोणत्या कामाचे किती तास, परीक्षा कोण घेणार आणि पुढच्या संस्थेत त्यातले काय माफ होणार, हे एका कागदावर लिहून सह्या करा, आणि तो कागद घेऊन मंडळाकडे आणि तंत्रशिक्षण संचालनालयाकडे मान्यता मागा. पालकांनो, शाळेत प्रवेश घेताना तो कागद दाखवा म्हणा. तो मागण्याचा हक्क तुमचा आहे.