वीतभर विमान



हवाई दलाच्या निवडीत नापास झाल्यापासून आमचा धाकटा घरात कुणाशी बोलेना. त्याचे प्लॅस्टिकचे ‘नॅट’ विमान खोक्यातच पडून होते. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरवर निर्मलजितसिंग सेखों अशाच विमानातून लढले आणि परमवीरचक्राचे मानकरी झाले. खोक्यातले हे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याचे, वीतभरही नाही.

एका दुपारी मीच सुटे भाग घासून जोडायला बसले. तो गोंद प्लॅस्टिक वितळवून सांधतो, हे मला कुठले ठाऊक? थेंब जास्त पडला आणि वैमानिकापुढची काच धुरकटली!

“आई, असं नाही गं!” म्हणत तो शेजारी येऊन बसला. रंग आम्ही दोघांनी दिला.

काच धुरकटच राहिली. पण भगिनींनो, पोरगा बोलू लागला.