गळ्यातली गाठ आणि पेशींची दवंडी

आज गळ्याच्या गाठीबद्दल बोलू या.

आमच्या बचत गटातल्या काकूंच्या गळ्याला बोराएवढी गाठ होती. घोट गिळला की वर-खाली व्हायची, पण दुखत नव्हती. थायरॉइडची रक्ततपासणी नॉर्मल आली, म्हणून वर्ष तसंच गेलं. पुढे आवाज बसला. तेव्हा आम्ही दोघी त्यांना घेऊन नागपूरला रामदासपेठेतल्या डॉक्टरांकडे गेलो. सोनोग्राफी झाली, सुईनं गाठीतल्या पेशी काढून तपासल्या. थायरॉइडचा कॅन्सर निघाला.

काकूंचा पहिला प्रश्न होता, "मी तंबाखूला कधी हात लावला नाही, मग हे कसं?" त्यावर डॉक्टरांनी जे समजावलं, ते तुम्हालाही सांगतो.

आपल्या शरीरातल्या पेशी एकमेकींना निरोप पाठवतात. त्या निरोप्या प्रथिनांना सायटोकाइन म्हणतात. गावात कोतवाल दवंडी देतो ना, तसंच. जखम झाली, जंतू शिरले की दवंडी होते आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात. इंटरफेरॉन गॅमा नावाचा निरोप्या तर कॅन्सरच्या पेशींवरही चाल करायला लावतो.

पण कधी चोरच कोतवालाचं ढोलकं पळवतो. थायरॉइडच्या कॅन्सरच्या पेशी स्वतःच इंटरल्यूकिन-८ सारखे निरोपे सोडतात. त्यामुळे गाठीकडे नव्या रक्तवाहिन्या फुटतात, तिला पोषण मिळतं, पसरायला वाट मिळते. दुसरे काही निरोपे राखणदारांनाच झोपवतात. जुनाट सूज आणि कॅन्सर यांचं नातं असावं, असं जर्मनीच्या रुडॉल्फ विरशॉ यांनी १८६३ मध्येच मांडलं होतं. या निरोप्यांमुळे ते नातं आता उलगडतं आहे.

म्हणून "प्रतिकारशक्ती वाढवणारी" पावडर घेऊन गाठ जिरेल, या भरवशावर राहू नका. इथे शक्ती कमी नाही, निरोप चुकीचा आहे. आणि सायटोकाइनची तपासणी करून गाठीचं निदान होत नाही. त्यासाठी सोनोग्राफी आणि गरज पडली तर सुईची तपासणी लागते. रक्ताचा थायरॉइड रिपोर्ट नॉर्मल असला, तरी गाठ कॅन्सरची असू शकते.

घाबरू मात्र नका. गळ्याच्या बहुतेक गाठी साध्या असतात. हा कॅन्सर बायकांत पुरुषांपेक्षा जास्त दिसतो, पण लवकर सापडला तर बहुतेक जणी बऱ्या होतात. ऑपरेशन होतं, काहींना किरणोत्सारी आयोडीन देतात, नंतर बहुतेकींना रोज गोळी घ्यावी लागते. नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय आहे, मेडिकल आहे. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा.

आज घरी आरशासमोर पाण्याचा घोट घ्या आणि गळ्याकडे बघा. सासूबाईंचा, जावेचाही बघा. गाठ वाढत असेल, आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसला असेल, गिळायला अडत असेल, तर पेरणी-वेचणी संपायची वाट पाहू नका.

काकू आता गटाच्या बैठकीला येतात. आवाज थोडा घोगरा आहे, पण हप्ता थकवणारीला आजही त्याच दटावतात.