घमेलं चाललं, मग चाक का नाही?





‘अवजड काम बाईला झेपत नाही’ हे वाक्य भरतीच्या प्रत्येक बैठकीत निघतं. ते खोटं आहे. कुठल्याही बांधकामावर जाऊन बघा, वाळूचं घमेलं डोक्यावर घेऊन चढणारी बाईच असते. खडी फोडायला, ऊसतोडीत मोळी उचलायला ती चालते. अवजड अंगमेहनत तिला सहसा कोणी नाकारली नाही; नाकारलं ते यंत्र आणि यंत्राबरोबर येणारा पगार. लिफ्ट आली, जेसीबी आला, तेव्हा तिच्या डोक्यावरचं ओझं गेलं आणि त्यासोबत रोजगारही गेला. सीटवर पुरुष बसला.

कायदाही सोय बघूनच वागला. भूमिगत खाणींतून बायकांना टप्प्याटप्प्याने बाहेर काढणारे नियम १९२९ मध्ये आले आणि १९३७ पर्यंत बंदी पुरी झाली. महायुद्धात कोळसा कमी पडला, तशी १९४३ मध्ये ती उठली आणि १९४६ मध्ये पुन्हा बसली. एवढ्या काळात बायकांची शरीरं बदलली नव्हती, बदलली होती सरकारची गरज. पुढे १९५२ च्या खाण कायद्याने बायकांना जमिनीवरच्या कामासाठी सकाळी सहा ते संध्याकाळी सात एवढीच मुभा ठेवली. खाणीतला डंपर तिन्ही पाळ्यांत धावतो. रात्रपाळी करता न येणाऱ्या ऑपरेटरला कोण घेणार? केंद्र सरकारने २०१९ मध्ये लेखी संमती आणि सुरक्षेच्या अटींवर रात्रपाळी खुली केली, आणि झारखंडात नोआमुंडीच्या लोहखनिज खाणीत टाटा स्टीलने महिलांना अवजड यंत्रांवर घेतलं. डिसेंबर २०२४ मध्ये तिथे एक अख्खी पाळी महिलांनी चालवली. याच कंपनीने जमशेदपूरला त्याच्या कितीतरी आधी, रेजा (बिगारी मजूर) म्हणून राबणाऱ्या बायकांना यंत्रं शिकवली होती.

फोर्कलिफ्ट टनभर माल उचलते ती हायड्रॉलिकच्या जोरावर. चालवणाऱ्याकडे नजर आणि शिस्त हवी. काटे जमिनीपासून वीतभरच वर ठेवायचे. मालामुळे समोरचं दिसेना झालं तर गाडी उलटी चालवायची. भरल्या गाडीने उतार चढा वा उतरा, माल चढाच्या बाजूलाच राहिला पाहिजे. वळतात मागची चाकं, म्हणून गाडीची शेपटी कुणाला लागणार नाही याचं भान सतत ठेवायचं. यातलं काय बाईला अवघड आहे, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

मग या कामासाठी बायकांचे अर्ज का येत नाहीत? आपला ड्रायव्हर तयार होतो क्लीनरच्या जागेवर. पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा ट्रकवर चढतो, काचा पुसतो, रात्री ढाब्यावर झोपतो आणि मोकळ्या रस्त्यावर उस्तादाकडून स्टिअरिंग हातात घेतो. कारखान्यात हेल्पर जेवणाच्या सुट्टीत फोर्कलिफ्टवर हात साफ करतो. ही शाळा मुलींना बंद आहे. त्यातच हलक्या वाहनाचा परवाना वर्षभर जवळ असल्याशिवाय अवजड मालवाहू गाडीचा शिकाऊ परवानाही मिळत नाही. जिच्या घरात सायकलसुद्धा नाही, तिने कुणाच्या गाडीवर शिकायचं? आणि आपल्या जाहिरातीत मात्र ‘दोन वर्षांचा अनुभव आवश्यक’!

तरीही काही जणी पोचल्या. साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८९ मध्ये सहायक चालक म्हणून रेल्वेच्या इंजिनात चढल्या आणि २०२३ मध्ये त्यांनी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत आणली. त्यांचा सत्कार आपण सगळ्यांनी केला. पण इंजिनात स्वच्छतागृह नाही, ही महिला लोको पायलटांची तक्रार इतकी वर्षं आपण ऐकून सोडून दिली. पाणी कमी पिऊन पाळी काढणारी चालक हा सुरक्षेचा प्रश्न आहे, आणि तो आपल्या सुरक्षा खात्याचा आहे.

म्हणून या औद्योगिक सुरक्षा परिषदेत आलेल्या प्रत्येक कारखान्याला माझी विनंती आहे. अनुभवाची अट काढा, पगारी प्रशिक्षण द्या आणि यंत्रावर पुरेसे तास बसवा. सीट आणि पेडल तिच्या मापाला लावून घ्या, सेफ्टी शूज तिच्या मापाचे मागवा, यार्डाजवळ स्वच्छतागृह बांधा. आणि आठ मार्चला फोटो काढून झाल्यावर नऊ तारखेला तिला हाउसकीपिंगला पाठवू नका.