बालकांचे पहिले पाठ आणि पडद्यावरील खेळ



बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर येथील कित्येक घरांचा दिवस लोकल गाडीच्या वेळापत्रकाप्रमाणें सुरू होतो. आईबाप सकाळींच मुंबईकडे निघून जातात आणि दोन-तीन वर्षांचें मूल आजी-आजोबांच्या स्वाधीन होतें. न्हाऊं-माखूं घालणें, जेवण, झोप हें सर्व आटोपल्यावर जो वेळ उरतो, त्या वेळीं मोबाइल मुलाच्या हातीं जातो. त्यांत रंग ओळखण्याचे, आकार जुळविण्याचे, अंक व अक्षरें शिकविण्याचे नाना ऑनलाइन खेळ असतात. मूल रमतें, शिवाय तें कांहीं शिकत आहे, असें समाधानही आपणांस मिळतें. हें समाधान कितपत खरें, याचा विचार आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

मी जन्माचा शाळामास्तर. लहान मुलांस अंक शिकविण्यांत माझीं किती तरी वर्षें गेलीं. तरीही या बाबतींत मीच फसलों. माझी नात तीन वर्षांची. पडद्यावरील एका खेळांत ती बोटानें फुगे फोडी, दर फुग्यागणिक एकेक अंक उच्चारला जाई, आणि शेवटीं टाळ्या वाजत. पंधरा दिवसांत ती वीसपर्यंतचे अंक घडाघड म्हणूं लागली. मीं मोठ्या अभिमानानें ही वार्ता तिच्या आईबापांस सांगितली. पुढें एके दिवशीं घरीं पाहुणे आले असतां मीं तिला म्हटलें, "बाळ, मांडणीवरच्या तीन वाट्या आण पाहूं." तिनें दोन्ही हातांत मावल्या तितक्या वाट्या आणल्या. त्या चार होत्या. "मोज बरें," म्हणतांच त्या चार वाट्यांवर बोट फिरवीत तिनें नऊपर्यंत अंक म्हटले, आणि ती टाळ्यांची वाट पाहत उभी राहिली.

चूक तिची नव्हती. अंक म्हणणें आणि संख्या जाणणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें मीच विसरलों होतों. आमच्या शेजारचें उल्हासनगर पाहा. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची वस्ती जुन्या लष्करी छावणीच्या जागीं झाली व १९४९ सालीं तिला हें नांव मिळालें. तेथील भाग आजही कॅम्प नंबर एक, कॅम्प नंबर दोन, असे पांचपर्यंत ओळखले जातात. तेथील बालक 'कॅम्प नंबर चार' हे शब्द रोज ऐकतें. परंतु त्या चारांत चार वस्तू कोठेंच नसतात. तें केवळ एक नांव होय. पडद्यावरील अंकही लहान मुलाच्या मनांत असेच नुसतीं नांवें होऊन राहण्याचा संभव असतो.

खरें मोजणें यावयास तीन गोष्टी जुळाव्या लागतात. अंकांचा क्रम पाठ पाहिजे. एका वस्तूस एकच अंक दिला पाहिजे. आणि शेवटीं उच्चारलेला अंक ही त्या सबंध समूहाची संख्या, हें उमगलें पाहिजे. बालमानसशास्त्रज्ञांस असें आढळलें आहे कीं, मूल प्रथम 'एक'चा अर्थ जाणतें, कांहीं महिन्यांनीं 'दोन'चा, मग 'तीन'चा. आणि मोजण्याचें मर्म बहुधा साडेतीन-चार वर्षांच्या सुमारास त्याच्या ध्यानीं येतें. यांतील पहिली गोष्ट खेळानें सहज साधते. उरलेल्या दोहोंसाठीं वस्तू हातीं घ्याव्या, ठेवाव्या, वाटाव्या लागतात. आणि चुकल्यास "पुन्हां पाहूं या" म्हणणारें माणूस जवळ लागतें.

या माणसाचें महत्त्व प्रयोगानेंही दिसून आलें आहे. अमेरिकेंत पॅट्रिशिया कूल या विदुषींनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं नऊ महिन्यांच्या बालकांस बारा बैठकींत चिनी भाषा ऐकविली. जीं बालकें प्रत्यक्ष माणसाच्या सहवासांत होतीं, त्यांस चिनी ध्वनींतील भेद ओळखूं आला. ज्यांनीं तेंच बोलणें चित्रफितींत पाहिलें, त्यांस तो आला नाहीं. हा प्रयोग २००३ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगांत असें दिसलें कीं, दोन ते अडीच वर्षांचीं मुलें पडद्यावरूनही नवे शब्द शिकूं शकतात. मात्र पडद्यावरील व्यक्ति त्याच क्षणीं त्यांच्याशीं बोलत, त्यांस उत्तर देत असली पाहिजे. तेव्हां मुंबईस गेलेल्या आईनें दुपारच्या सुटींत मोबाइलवरून मुलाशीं समोरासमोर पांच मिनिटें बोलणें, हें त्याला एकटें खेळत ठेवण्याहून अधिक फलदायी होय.

शिक्षणाचें साधन कोणतें व त्याच्याजवळ कोण बसतें, हा प्रश्न आपणांस नवा नाहीं. ताराबाई मोडक यांनीं गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचें कार्य केलें आणि १९४५ सालीं, तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें, खेड्यांतील मुलांसाठीं ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें. अनुताई वाघ तेथेंच त्यांस येऊन मिळाल्या. माँटेसरी पद्धतीचीं महागडीं साधनें तेथें परवडणारीं नव्हतीं. तेव्हां त्यांनीं शिंपले, बिया, पानें, फुलें हींच साधनें केलीं. जीं मुलें शाळेंत येत नसत, त्यांच्या अंगणांतच त्यांनीं शाळा नेली, आणि तिचें नांव अंगणवाडी ठेवलें. १९७५ सालीं सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास सेवा योजनेचीं केंद्रें आज देशभर याच नांवानें ओळखलीं जातात. २०२३ सालीं राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनें तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठीं 'जादुई पिटारा' तयार केला, त्यांतही खेळणीं, कोडीं व बाहुल्याच मुख्य आहेत.

याचा अर्थ पडद्यावरील खेळ टाकाऊ, असा मात्र नव्हे. २०२० सालीं साथीमुळें दारें बंद झालीं, तेव्हां अनेक घरांत त्याच पडद्यानें मुलांस सोबत केली. प्रश्न आहे तो प्रमाणाचा व पद्धतीचा. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं सांगितलें कीं, एक वर्षाच्या बालकास पडद्यापुढें बसवूं नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलास दिवसांत एका तासाहून अधिक वेळ बसवूं नये. कमी तितकें बरें.

त्या वेळांतही आपण जवळ बसावें. खेळ असा निवडावा कीं त्यांत मुलास विचार करण्यास उसंत मिळेल. जेथें कोठेंही बोट मारलें तरी शाबासकी मिळते, तो खेळ सोडून द्यावा. पुष्कळ खेळ इंग्रजी बोलतात. मूल 'रेड' म्हणूं लागतें आणि 'तांबडा' त्याच्या कानींच पडत नाहीं. तेव्हां आपण आपल्या भाषेंतील शब्द बोलत जावें. सिंधी घरांत तो सिंधी असावा. आणि पडद्यावर जें पाहिलें, तें लगेच घरांत शोधावें. तेथें वर्तुळ दिसलें तर येथें ताट, झांकण व पोळी दाखवावी. तेथें तीन फुगे फुटले तर येथें तीन बटाटे टोपलींत टाकावे.

माझ्या नातीबद्दल मीं तिच्या आईबापांस पुढें खरी गोष्ट सांगितली. सांगतांना थोडी लाज वाटली. आतां आमच्या घरीं जेवणाचीं पानें तीच मांडते. माणशीं एक वाटी ठेवते, आणि मग मोजते. पांचापर्यंत बहुधा बरोबर येतें. सहाव्या वाटीशीं अद्याप गोंधळ होतो. वीस अंक तिला अजूनही पाठ आहेत. परंतु त्यांविषयीं हल्लीं मी कोणापाशीं बोलत नाहीं.