अपघातानंतरचा हिशेब
(जिल्हा बैठकीतील भाषण)



बैठक कापसाच्या भावाची, आणि आम्ही उभे राहिलो मोटारीच्या अपघातावर बोलायला. शेतकीची पदवी घेतलेल्या माणसाने बोंडअळीवर बोलावे, हे याला कोणी सांगितले, असे काहींना वाटेल. पण गेल्या हंगामात आमच्या ओळखीच्या चार घरांत माणूस गेला तो रस्त्यावर गेला. घर बुडाले ते मात्र त्यानंतरच्या महिन्यांत, कागद नव्हता म्हणून.

यातले एक घर आपल्याच तालुक्यातले. पाच एकर कोरडवाहू, कापूस आणि ज्वारी. थोरला पोरगा बोईसरला, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पंधरा हजारांवर लागला. वय २४, लग्न व्हायचे होते. रात्रपाळी संपवून मोटारसायकलवर निघाला आणि डंपरने उडवला. डंपर थांबला नाही. मित्रांनी धावपळ केली, शवविच्छेदन झाले, बाप पोराला घेऊन गावी आला, तेरावा झाला. आठ महिन्यांनी बाप आमच्याकडे आला तेव्हा हातात एकच कागद होता आणि त्यावर लिहिले होते, 'अज्ञात वाहन'.

आम्ही त्यांच्याबरोबर पालघर-बोईसरला गेलो. तिथे कळले की एका रिक्षावाल्याने डंपरचा नंबर पाहिला होता. त्याला कोणी विचारलेच नाही, आणि तो आपण होऊन सांगायला गेला नाही. पोलिसांचा ससेमिरा कोण मागे लावून घेईल?

आता हिशेब करा. वाहन अज्ञात असेल तर २०२२ पासून मृत्यूला २ लाख रुपये मिळतात, गंभीर जखमेला ५० हजार. वाहन सापडले, त्याचा विमा असला आणि चूक त्याच्या चालकाची ठरली, तर न्यायाधिकरण पगार धरते. वर्षाचे १ लाख ८० हजार. पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवा, झाले २ लाख ५२ हजार. अविवाहित म्हणून निम्मे त्याच्या स्वतःच्या खर्चाचे वजा करा, उरले १ लाख २६ हजार. या वयाला गुणक १८. झाले २२ लाख ६८ हजार. एका नंबरपाटीत २० लाखांहून जास्त फरक! एवढा फरक कापसाच्या भावात पडला असता तर आपण रस्ता अडवून बसलो असतो.

त्याच भागातला दुसरा अपघात तुम्ही सर्वांनी ऐकलेला आहे. ४ सप्टेंबर २०२२, चारोटीजवळचा सूर्या नदीवरचा पूल. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मोटार पुलाच्या कठड्याला धडकली. मोटार भारी किमतीची, वेळ दिवसाची. पुढे बसलेले दोघे वाचले. मागे बसलेले दोघे गेले, आणि मागच्या दोघांनी पट्टा बांधलेला नव्हता. जखमींना उपचारासाठी गुजरातेत वापीला न्यावे लागले. मग देशभर प्रश्न विचारले गेले. तीन पदरी रस्ता पुलापाशी दोन पदरी का होतो? कठडा असा मध्ये का येतो? मागे बसणाऱ्याला पट्टा का नाही? प्रश्न सगळे योग्य होते. आमचे म्हणणे एवढेच की आपल्या पोरांच्या मरणालाही हे प्रश्न लागू आहेत, आणि ते विचारायचे तर आधी मरणाची नोंद नीट व्हायला हवी.

म्हणून अपघात दिसला की काय करायचे, ते ऐकून घ्या. पहिला तास जखमीचा. १०८ ला फोन, राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३, पोलिसांना ११२. मागून येणारी वाहने थांबवायला दोन माणसे लांब उभी करा, नाहीतर एका अपघाताचे तीन होतात. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, हळद-चुना काही भरू नका. पाणी पाजू नका. मान-पाठ दुखावलेल्या माणसाला हातपाय धरून ओढू नका, गाडी पेटण्याची भीती असेल तरच बाहेर काढा. कणा मोडलेला माणूस पोत्यासारखा उचलला की जन्मभर अंथरुणाला खिळतो.

तारापूरच्या रस्त्यावर रसायनांचे टँकर चालतात. उलटलेल्या टँकरजवळ बघ्यांनी जाऊ नये. फवारणी करताना आपण वाऱ्याची दिशा पाहतो, ती का पाहायची हे २०१७ साली यवतमाळने जीव देऊन शिकवले. इथेही तेच. वारा टँकरकडून येत असेल त्या बाजूला थांबायचे नाही, बिडी पेटवायची नाही, आणि सांडलेले काही डब्यात भरून घरी न्यायचे नाही.

पोलिसांची भीती आता धरू नका. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. जखमीला मदत करणाऱ्यावर दावा चालत नाही, आणि नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. जखमीला वेळेत दवाखान्यात पोचवणाऱ्याला सरकार २०२१ पासून ५ हजार देत होते, २०२५ मध्ये ते २५ हजार केले. दवाखान्याने आधी पैसे भरा म्हणून अडवले तर सांगा की तातडीचा उपचार नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगून ठेवले आहे. मे २०२५ पासून नेमलेल्या दवाखान्यांत अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचा उपचार रोख न भरता मिळण्याची योजना आहे. त्यासाठी पोलिसांकडे नोंद लागतेच.

पहिला तास जखमीचा झाला, की पुढचे दिवस कागदाचे. वाहनाचा नंबर, पाहणाऱ्यांची नावे, मोबाइलवर जागेचे फोटो. गुन्ह्याची पहिली खबर, घटनास्थळाचा पंचनामा, दवाखान्याचे आणि शवविच्छेदनाचे कागद, प्रत्येकाची नक्कल मागून घ्या. अपघाताचा पहिला अहवाल पोलिसांनी ४८ तासांत न्यायाधिकरणाला पाठवायचा असतो, तो गेला का ते विचारा. भरपाईच्या दाव्याला कायद्याने सहा महिन्यांची मुदत घातली. तिला न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्या भरवशावर बसू नका. आणि दावा लावायला पालघरला खेटे घालायचे कारण नाही. आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही तो लावता येतो. हे त्या बापाला कोणीच सांगितले नव्हते.

आता आपल्या दुखण्याची जागा. मरणारा नोकरदार असला तर पगारपत्रक असते. शेतकरी मेला की विमा कंपनीचा वकील सातबारा दाखवतो आणि म्हणतो, जमीन तर जागेवर आहे, मग नुकसान काय झाले? गेली ती फक्त देखरेख! पस्तिशीच्या शेतकऱ्याची देखरेख महिना ४ हजारांची धरली तर मघाच्या रीतीने, चार माणसे त्याच्यावर अवलंबून म्हणून चौथा हिस्सा वजा जाता आणि गुणक १६ लावता, ८ लाख ६ हजार होतात. कमाई १० हजार सिद्ध झाली तर २० लाख १६ हजार. जिवंतपणी ज्याच्या श्रमाला कापसाच्या भावात किंमत मिळाली नाही, त्याच्या श्रमाला मेल्यावरही मिळत नाही. अर्थात न्यायाधीशाला दोष देऊन काय उपयोग? त्याच्यापुढे आपण काय ठेवले?

ठेवायचे असते ते सांगतो. बाजार समितीच्या आणि जिनिंगच्या हिशेबपट्ट्या, सोसायटीचा उतारा, पीक विम्याची पावती. नंतर शेत बटईने दिले किंवा सालगडी ठेवला तर त्याचे लेखी करा. धनी गेल्यावर ते काम विकत घ्यायला किती पैसे पडतात, याचा तो पुरावा आहे. घरची बाई गेली तर 'ती कमावत नव्हती' हे मान्य करू नका. घरकामाच्या श्रमाला पैशात किंमत धरायची असते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पुन्हा सांगितले. निंदणी-वेचणी तर त्याच्या वर.

शिवाय गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान आहे. खातेदार किंवा त्याच्या कुटुंबातला एक जण, वय १० ते ७५, मृत्यूला २ लाख. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, ३० दिवसांत. इथेही पंचनामा लागतो.

शेवटी आपल्या ट्रॅक्टरबद्दल, कारण त्या डंपरवाल्याला शिव्या देताना आपण साव नाही. वेचणीला बाया ट्रॉलीत बसवून नेतो. ट्रॉली उलटली तर त्यांची जोखीम विमा कंपनी सहसा नाकारते, आणि भरपाई मालकाच्या जमिनीवर येते. परवाना नसलेला पोरगा चालवत असेल तर कंपनीने भरलेले पैसेही मालकाकडून वसूल होऊ शकतात. रात्री कापूस भरून निघालेल्या ट्रॉलीला मागे दिवा नसतो, हे आम्ही येतानाच तीन ठिकाणी पाहिले. चकाकणाऱ्या लाल पट्ट्यांची गुंडाळी आणली आहे, दाराशी ठेवली आहे. बैठक उठली की बाहेर उभ्या असलेल्या ट्रॉल्यांना लावूनच घरी जा. कात्री एकच आहे, रांगेने घ्या.