घरमालकिणीची थाप

मघापासून विंगेतून डोकावणाऱ्या, तोंडाला रंग फासलेल्या कलाकार मंडळींनो,

मुख्याध्यापिका बाईंचा फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही चंद्रावर उतरलेला पहिला माणूस टीव्हीवर पाहिलात ना, त्याविषयी बोला." पाहिला खरा. पण आधी एक खुलासा करतो. माझ्या वयाची बरीच मंडळी हल्ली छातीठोक सांगतात की आम्ही घरी बसून टीव्हीवर आर्मस्ट्राँगला उतरताना पाहिलं. त्यांच्या नातवंडांनो, आजोबांचा मान ठेवा, पण विश्वास ठेवू नका. १९६९ साली आपल्या देशात टीव्ही होता तो फक्त दिल्लीत. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. महाराष्ट्राने चंद्रावरचं पहिलं पाऊल ऐकलं ते रेडिओवर, आणि पाहिलं ते वर्तमानपत्रातल्या फोटोत. मला ते पाहायला मिळालं, कारण या शाळेतून बाहेर पडून मी तेव्हा अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात इलेक्ट्रॉनिक्स शिकत होतो.

आर्मस्ट्राँग त्याच राज्यातला, वापाकोनेटा नावाच्या लहानशा गावचा. मग काय विचारता! आपल्याकडे गावचा पैलवान हिंदकेसरी झाला की अख्खा तालुका त्याचा मामा होतो, तसं तिथे चाललं होतं. आमच्या घरमालकीणबाई तर त्याला 'आपला नील' म्हणायच्या. त्यांनी त्याला आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं.

२० जुलै, रविवार. बाईंच्या दिवाणखान्यात त्यांचा कृष्णधवल टीव्ही आणि समोर आम्ही चौघे भारतीय विद्यार्थी. भात-आमटी सकाळीच उरकली होती. दुपारी सव्वाचारच्या सुमारास यान उतरणार होतं. आता तुम्हाला वाटेल, आम्ही यान उतरताना पाहिलं. नाही! उतरण्याचं थेट चित्र दाखवणारा कॅमेराच तेव्हा चालू नव्हता. टीव्हीवाले प्रतिकृती आणि कार्टूनसारखी चित्रं दाखवत होते. खरे होते ते फक्त आवाज. आर्मस्ट्राँगचा साथीदार ऑल्ड्रिन आकडे सांगत होता, उंची इतकी, वेग इतका. मधूनच '१२०२' असा एक आकडा आला. थोड्या वेळाने '१२०१'. ह्यूस्टनच्या नियंत्रण केंद्रातून उत्तर गेलं की पुढे चला. आम्हाला ओ की ठो कळलं नाही. सीबीएस वाहिनीवरचा निवेदक वॉल्टर क्रॉन्काइट यालाही कळलं नसावं.

त्या आकड्यांमागची हकिगत मी नंतर वाचली, आणि खरं सांगतो, ती मला चंद्रावरच्या पावलापेक्षा जास्त आवडते. ते होते यानातल्या संगणकाचे इशारे. 'माझ्यावर काम फार झालंय,' असं तो सांगत होता. एका रडारकडून त्याला नको ती माहिती येत राहिली आणि तो कामाखाली दबला. पण मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीत मार्गारेट हॅमिल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आज्ञावलीच अशी लिहिली होती की, काम अंगावर आलं की संगणकाने कमी महत्त्वाची कामं बाजूला टाकायची आणि यान उतरवण्याचं काम सोडायचं नाही. त्या संगणकाची कायमची स्मृती तरी केवढी, छत्तीस हजार शब्दांची. आणि ती अक्षरशः विणलेली होती. कारखान्यातल्या बायका सुईने चुंबकी कड्यांमधून तार ओवायच्या. तार कड्यातून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य.

पण ह्यूस्टनच्या लोकांना कसं कळलं की घाबरायचं कारण नाही? उड्डाणाच्या थोडेच दिवस आधी त्यांचा सराव चालला होता. सराव घेणाऱ्याने मुद्दाम असाच एक इशारा घुसवला. स्टीव्ह बेल्स नावाचा तरुण गोंधळला आणि त्याने सांगितलं, उतरणं रद्द करा. रद्द करायची काही गरज नव्हती. सगळ्यांसमोर हजेरी घेतली गेली. उड्डाण संचालक जीन क्रान्झ यांनी हुकूम सोडला की संगणकाचे जेवढे म्हणून इशारे आहेत, ते सगळे काढा आणि प्रत्येकाला काय करायचं ते लिहून ठेवा. जॅक गार्मन नावाच्या पोराने ती यादी हाताने लिहिली आणि जवळ ठेवली. वय चोवीस. प्रत्यक्ष दिवशी १२०२ आला, गार्मनने सांगितलं, बेल्सने निर्णय दिला. बेल्स सव्वीस वर्षांचा होता. माझ्याहून फार मोठे नव्हते हो हे दोघे! मी त्या वेळी दिवाणखान्यात बसून बाईंनी दिलेली बिस्किटं खात होतो.

यान टेकलं तेव्हा क्रॉन्काइटने चष्मा काढला. दिवसभर अखंड बोलणारा माणूस, आणि नेमका तेव्हा त्याला शब्द सापडेना. संध्याकाळी आम्ही अंगणात गेलो. पश्चिमेकडे अर्ध्याहून थोडा कमी चंद्र होता. शेजारीपाजारीही बाहेर येऊन वर बघत होते, जणू काही दिसणारच आहे!

रात्री अकराच्या थोडं आधी पडद्यावर चित्र आलं. आलं ते उलटं. वर काहीतरी पांढरं, खाली काळोख, आणि मधेच एक तिरपी रेघ. घरमालकीणबाईंना वाटलं, ऐन वेळी सेट बिघडला. त्या तडक उठल्या आणि टीव्हीच्या डोक्यावर एक सणसणीत थाप मारली. चित्र सुलटं झालं! शिडी दिसली, शिडीवर बूट दिसला. १० वाजून ५६ मिनिटांनी तो बूट मातीवर टेकला. त्यानंतर बाई जन्मभर सांगत राहिल्या की नील दिसला तो माझ्यामुळे.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी. मला स्वस्थ बसवेना. चित्र उलटं का आलं? कारण कॅमेरा उलटा बसवला होता, आणि तोही मुद्दाम. यानाच्या बाहेरच्या बाजूला एक घडीची फळी होती, आर्मस्ट्राँगने शिडीवर येताच कडी ओढून ती उघडली. तिच्यात कॅमेरा पक्का बसावा म्हणून तो डोक्यावर उभा ठेवला होता. चित्र सुलटं करण्याचं बटण पृथ्वीवर होतं, आणि ते दाबायला कुणाला तरी थोडा उशीर झाला. एवढंच. बाईंना मी हे कधी सांगितलं नाही.

आणि ते चित्र इतकं भुताटकीसारखं का दिसत होतं, माहितीये? चंद्रावरून सगळा संदेश एका अरुंद वाटेने यायचा होता, चित्राला जागा थोडी. म्हणून कॅमेरा सेकंदाला दहाच चित्रं काढायचा. अमेरिकेच्या टीव्हीला हवी होती तीस. मग पृथ्वीवरच्या केंद्रात काय केलं? दहावाल्या पडद्यासमोर दुसरा कॅमेरा रोखून बसवला आणि मधल्या जागा भरायला तेच चित्र पुन्हा पुन्हा दाखवलं. चित्राचं चित्र ते! पाऊल टेकतानाचं दृश्य ऑस्ट्रेलियातल्या हनीसकल क्रीकच्या केंद्रातून आलं, आणि काही मिनिटांनी पार्क्सच्या मोठ्या डिशवर गेलं. पार्क्सला त्या दिवशी वादळी वारा सुटला होता, डिश हलत होती, तरी तिथल्या लोकांनी ती चंद्राकडे धरून ठेवली. त्यांना केंद्रात जे चित्र दिसलं, ते आमच्यापेक्षा कितीतरी स्वच्छ होतं. मूळ टेपा पुढे पुसून दुसऱ्या कामाला वापरल्या गेल्या, ही गोष्ट मला अजून पटत नाही.

साधारण दोन आठवड्यांनी वडिलांचं पत्र आलं. ते इथे वाईत बँकेत कारकून होते. निळं आंतरराष्ट्रीय पत्र, काठोकाठ भरलेलं. चंद्रावर यान उतरण्याच्या आदल्याच दिवशी, १९ जुलैला, इंदिरा गांधींनी चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण केलं होतं. पत्रभर तेच. पगार, बदल्या, युनियन, साहेब काय म्हणाले. अगदी शेवटी, समासात आडवी एक ओळ: 'चंद्रावर माणूस गेल्याचे सोमवारी सकाळी रेडिओवर ऐकले. तिकडे थंडी पडण्याआधी स्वेटर घे.' मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, बँक त्यांच्या घरात शिरली होती, चंद्र कुठे शिरला होता!

तुम्ही तर २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्रयान-३ उतरताना पाहिलंत. संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटं. आठवा, काय पाहिलंत? एक आलेख, त्यावर सरकणारा ठिपका, आणि कमी होत जाणारे आकडे. चंद्रयानातला विक्रम लँडर उतरतानाचं थेट चित्र त्या क्षणी तुम्हीही पाहिलं नाहीत. चोपन्न वर्षं गेली आणि मी पुन्हा आकड्यांकडे बघत बसलो होतो. फरक इतकाच की या खेपेला आकडे बंगळुरूहून येत होते आणि मला ते थोडे समजत होते. माझी नात विचारत होती, "आजोबा, आता काय झालं?" मी सांगत होतो, आता वेग मारतायत, आता यान उभं करतायत. २०१९ ला चंद्रयान-२ च्या वेळी याच जागी रेषा वाट सोडून गेली होती, ते दोघांच्याही लक्षात होतं, पण कुणी बोललं नाही.

त्या १९६९ च्या उतरण्याचं ध्वनिमुद्रण आज सगळ्यांना ऐकायला मिळतं. शेवटची बारा-तेरा मिनिटं आहेत. विज्ञानाच्या सरांना सांगा, प्रयोगशाळेत लावतील. चित्र बंद ठेवून ऐका आणि १२०२ कुठे येतो ते पकडा. मी गुरुवारपर्यंत गावात आहे, घाटाजवळच्या जुन्या घरी. ज्याला काही विचारायचं असेल त्याने संध्याकाळी पाचनंतर यावं, दुपारी मी झोपतो.

बक्षिसं खोळंबली आहेत आणि पहिल्या रांगेतला तो बारका शिवाजी मिशी सांभाळत केव्हाचा माझ्याकडे रागाने बघतोय.